उपद्रवापासून कर्तव्यापर्यंत : हवेचा कायदा आणि सौंसर-पांढुर्णा

हवा स्वच्छ राखणे हे सरकारचे काम आहे, असे आज शाळेतला विद्यार्थीही सांगेल. परंतु ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. इंग्रजी अमदानीत धूर ही दोन पक्षांमधली तक्रार होती. एकाने धूर करायचा, दुसऱ्याने फिर्याद द्यायची आणि सरकारने मॅजिस्ट्रेटच्या रूपाने मध्ये बसायचे. सरकारने स्वतः होऊन हवेची काळजी वाहावी, तिचे मोजमाप करावे, कारखाना उभा राहण्यापूर्वी परवानगीचा विचार करावा आणि न केल्यास त्याला जाब विचारता यावा, ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घडामोड आहे. तिचा इतिहास सहसा कलकत्ता, मुंबई व दिल्ली यांच्या आधारे लिहिला जातो. प्रस्तुत निबंधात तो सौंसर व पांढुर्णा या दोन तालुक्यांच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न आहे. कायदा कोठे लागू झाला याबरोबरच तो कोठे पोहोचला नाही, हेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा हा प्रदेश. कापूस, संत्री, जाम आणि कन्हान या नद्या, आणि घराघरांत बोलली जाणारी मराठी. पूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडात असताना याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याची मराठी माणसेही भोपाळच्या कारभाराखाली आली. शेतात मराठी, कचेरीत हिंदी आणि मोहल्ल्यात उर्दू अशी येथील त्रिभाषा तेव्हापासून पक्की झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांना छिंदवाड्यापासून वेगळे करून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. ही प्रशासकीय माहिती हवेच्या निबंधात का, असे कोणी विचारील. पुढे दिसेल की हवेचा कायदा हा मुळात ‘क्षेत्रा’चा कायदा आहे, आणि क्षेत्राची रेघ कोण कोठे ओढतो यावर बरेच काही ठरते.

प्रारंभ १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून करावा लागतो. तिच्या कलम २७८ प्रमाणे, जो कोणी आपखुशीने एखाद्या जागेचे वातावरण असे दूषित करील की शेजारी राहणाऱ्या, धंदा करणाऱ्या किंवा रस्त्याने जाणाऱ्या लोकांच्या आरोग्याला अपाय व्हावा, त्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड. कलम २६८ मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या दिली होती. या संहितेचा उर्दू अवतार ‘ताजीरात-ए-हिंद’ म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आलेले डेप्युटी नझीर अहमद यांचा त्या अनुवादात हात होता. भाषेच्या शिक्षकाला येथे थांबण्याचा मोह होतो. मराठी कायद्याने ‘उपद्रव’ हा शब्द घेतला. त्यात त्रास देणारा डोळ्यांपुढे येतो. उर्दूत रूढ झालेला प्रयोग ‘अम्र-ए-बाइस-ए-तकलीफ-ए-आम’ असा लांबलचक आहे, पण त्यात ‘आम’ म्हणजे सर्वसामान्य लोक आणि त्यांची ‘तकलीफ’ केंद्रस्थानी येते. कोणता शब्द अधिक नेमका, हा वाद बाजूला ठेवू. दोन्ही भाषांत एक गोष्ट मात्र नव्हती, ती म्हणजे सरकारचे कर्तव्य. सरकारने दंड ठेवला, पण धूर शोधण्याची जबाबदारी घेतली नाही.

फौजदारी प्रक्रियेत मात्र एक बीज होते. उपद्रव दूर करण्याचा सशर्त हुकूम मॅजिस्ट्रेटने काढावा, ही तरतूद जुन्या प्रक्रिया संहितांपासून चालत आली आणि १९७३ च्या संहितेत ती कलम १३३ म्हणून राहिली. या बीजाला अंकुर फुटायला बराच काळ लागला आणि तो फुटला तोही मध्य प्रदेशातच. त्याकडे नंतर येऊ.

विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने धुराकडे लक्ष दिले ते मोठ्या शहरांपुरते. बंगालमध्ये १८६३ चा जुना कायदा होता; १९०५ मध्ये नवा धूर-उपद्रव कायदा आला. मुंबईसाठी १९१२ मध्ये तसाच कायदा झाला. निरीक्षक नेमले गेले आणि चिमणीतून निघणारा धूर रिंगलमन तक्त्याशी ताडून पाहिला जाऊ लागला. हा तक्ता म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या रंगाच्या छटांचे एक साधे कार्ड. धूर किती काळा, एवढेच त्याला कळत असे. त्यात कोणता वायू आहे किंवा कण किती बारीक आहेत, हे कळण्याचे साधन नव्हते. तरीही हे पाऊल महत्त्वाचे होते, कारण प्रथमच एखादा सरकारी नोकर तक्रारीची वाट न पाहता आकाशाकडे पाहू लागला. फक्त तो कलकत्त्यात आणि मुंबईत उभा होता.

त्याच काळात सौंसर तहसिलीत काय चालले होते? दोन उद्योग वाढत होते. एक कापसाचा आणि दुसरा मॅंगनीजचा.

कापसाच्या बाबतीत सरकार बेफिकीर होते असे म्हणता येणार नाही. १९२५ मध्ये कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांचा खास कायदा झाला. त्यात कारखान्याने नोंदवह्या ठेवाव्यात, प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण असावी, म्हणजे कापसात भेसळ किंवा पाणी कोणी घातले ते शोधता यावे, अशी व्यवस्था होती. जिनातून उडणारे तंतू आणि सरकीची धूळ बाहेरच्या वस्तीच्या नाकातोंडात जाते, याचा विचार हा त्या कायद्याचा विषय नव्हता. कापूस शुद्ध असावा याची काळजी व्यापाऱ्याला होती आणि त्याच्यामागे सरकार उभे होते. हवेच्या शुद्धतेची मागणी करणारा कोणी ग्राहक नव्हता.

मॅंगनीजची कथा अधिक बोलकी आहे. भूगर्भशास्त्रात ‘सौंसर संघ’ या नावाने ओळखला जाणारा खडकांचा मोठा समूह आहे. नागपूर, भंडारा, बालाघाट व छिंदवाडा या पट्ट्यातले मॅंगनीज त्यातच सापडते. ज्या गावाचे नाव महाराष्ट्रातही अनेकांना ठाऊक नसते, ते जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे. या भागातील सीतापार, काचीढाणा, गोवारी-वढोणा ही नावे जुन्या खाणींच्या नोंदींत येतात. भारतातील मॅंगनीजवर १९०९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या फर्मर यांनी येथील एका खनिजाला सीतापारवरून ‘सीतापाराइट’ असे नाव दिले होते. पुढे ते बिक्सबाइट या आधीच माहीत असलेल्या खनिजाशी एकच ठरले आणि सीतापारचे नाव मागे पडले.

या खाणींतील मजुराच्या शरीराला मॅंगनीजच्या धुळीने काय होते, हे सरकारला कळले नाही असे नाही. श्वासावाटे मॅंगनीज दीर्घकाळ शरीरात गेले की मज्जासंस्थेवर परिणाम होतो. चाल बिघडते, हात थरथरतात, बोलणे अडखळते. १९५२ च्या खाण कायद्याखाली सिलिकोसिस व न्यूमोकोनिओसिस यांच्याबरोबर मॅंगनीज विषबाधेलाही कळवण्यायोग्य रोगांत स्थान मिळाले. म्हणजे डॉक्टरला असा रोगी आढळला तर त्याने सरकारला कळवले पाहिजे. हा मजुरांच्या हिताचा मोठा विजय होता. पण येथेही कायदा खाणीच्या हद्दीशी थांबला. आतल्या माणसाचा रोग सरकारी दप्तरात गेला. हद्दीबाहेरच्या शेतात निंदण करणारी बाई, रस्त्यावरून शाळेत जाणारे मूल, ट्रकमागे उडणारी काळसर धूळ यांच्यासाठी तसा कागद नव्हता. कारखाना कायद्याचेही तेच. १९४८ च्या कायद्याचे कलम १४ धूळ व धुराबद्दल बोलते, परंतु ते कामाच्या खोलीतल्या हवेविषयी आहे. भिंतीच्या अलीकडची हवा कायद्याच्या कक्षेत आली होती आणि पलीकडची बाहेर राहिली होती, असे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांचे वर्णन करणे चूक ठरणार नाही.

आता रतलामकडे वळू. रतलाम पश्चिम मध्य प्रदेशात, सौंसरपासून दूर आहे. पण दोन्ही ठिकाणच्या नगरपालिका एकाच कायद्याने बांधलेल्या आहेत, तो म्हणजे मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम, १९६१. रतलामच्या एका वस्तीतील लोक उघडी गटारे, उघड्यावरचे शौच आणि मद्यार्क कारखान्याचे वाहणारे पाणी यांनी हैराण झाले होते. त्यांनी कलम १३३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज दिला. मॅजिस्ट्रेटने नगरपालिकेला उपद्रव दूर करण्याचा हुकूम दिला, सेशन्स कोर्टाने तो फिरवला, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नगरपालिकेचा बचाव आपल्या सर्वांच्या परिचयाचा होता : पैसा नाही. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो फेटाळला. नगरपालिका अधिनियमाच्या कलम १२३ ने नेमून दिलेली कामे निधीअभावी टाळता येत नाहीत, आणि कलम १३३ मधली मॅजिस्ट्रेटची सत्ता ही मर्जीची बाब नसून, परिस्थिती समोर असेल तर ती वापरणे हे त्याचे कर्तव्यच ठरते, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

हा खटला गटारांचा होता, चिमण्यांचा नव्हे. हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. पण हवेच्या इतिहासात त्याचे महत्त्व फार आहे असे माझे मत आहे. दिल्लीतले मोठे पर्यावरण खटले सर्वांना ठाऊक असतात. रतलामच्या खटल्यात मात्र लहान शहराच्या सामान्य रहिवाशांनी १८६० च्या ‘उपद्रवा’तून ‘कर्तव्य’ बाहेर काढले. तोपर्यंत उपद्रव करणारा हा कोणीतरी खासगी माणूस असे. रतलामनंतर काही न करणारी सरकारी संस्थाही उपद्रवाची जबाबदार ठरू लागली. सौंसर किंवा पांढुर्णा येथील नगरपालिकेसमोर जळणाऱ्या कचऱ्याचा प्रश्न आला, तर पहिला आधार येथेच शोधावा लागतो.

दरम्यान दिल्लीत वेगळी हालचाल चालू होती. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर भारताने पर्यावरणाचे कायदे करायला घेतले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८-अ आला : राज्याने पर्यावरणाचे संरक्षण व संवर्धन करण्याचा प्रयत्न करावा. नागरिकांसाठी ५१-अ (छ) आला. पाण्यासाठी मंडळे आधीच होती. महाराष्ट्राने १९६९ चा स्वतःचा कायदा करून १९७० मध्ये मंडळ स्थापले. मध्य प्रदेशचे मंडळ केंद्रीय जलकायद्यानंतर १९७४ चे. याच मंडळांवर १९८१ च्या कायद्याने हवेचेही काम सोपवले. महाराष्ट्रात त्याचे नाव हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, तर भोपाळच्या हिंदीत वायु (प्रदूषण निवारण तथा नियंत्रण) अधिनियम. एकीकडे ‘प्रतिबंध’, म्हणजे होण्याआधी अडवणे. दुसरीकडे ‘निवारण’, म्हणजे झालेले दूर करणे. इंग्रजी मूळ शब्दाशी मराठी नाव अधिक जवळचे आहे. सीमेच्या दोन बाजूंना एकाच कायद्याची दोन नावे वाचताना हा फरक सहज लक्षात येतो.

या कायद्यात सरकारची कर्तव्ये कोणती? कलम १७ राज्य मंडळाची कामे सांगते : प्रदूषण रोखण्याचा सर्वंकष कार्यक्रम आखणे, माहिती गोळा करून प्रसिद्ध करणे, कारखान्यांची तपासणी करणे, उत्सर्जनाची मानके ठरवणे, एखादा उद्योग कोठे असावा याबाबत राज्य सरकारला सल्ला देणे. ही यादी भक्कम आहे. पण कायद्याची किल्ली कलम १९ मध्ये आहे. राज्य सरकार मंडळाशी विचारविनिमय करून अधिसूचनेने ‘हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र’ घोषित ‘करू शकेल’. पुढची पुष्कळ कलमे या घोषणेवर टांगलेली आहेत. मूळ कायद्यात तर अशा क्षेत्रातील आणि शिवाय अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांनाच मंडळाची संमती घेणे बंधनकारक होते. ‘करू शकेल’ आणि ‘करील’ यांतले अंतर व्याकरणाच्या तासाला एका ओळीत सांगून होते. कायद्यात तेच अंतर गावाला हवा मिळण्या न मिळण्याइतके मोठे होते.

या कायद्याला तीन वर्षे झाली आणि २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. ज्या शहरात राज्याचे मंडळ बसते, त्याच शहरातली ही दुर्घटना. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे तिचे कायद्यावरचे परिणाम तेवढे पाहू. १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आला. १९८७ मध्ये हवेच्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. अनुसूचीची अट गेली, मंडळाला कारखाना बंद करण्याचे आणि वीज-पाणी तोडण्याचे निर्देश देण्याचा अधिकार कलम ३१-अ ने मिळाला, आणि साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः न्यायालयात जाण्याची वाट कलम ४३ मध्ये उघडली. पुढे सुभाष कुमार प्रकरणात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा अनुच्छेद २१ च्या जीवनाच्या हक्काचा भाग मानला. एकशे तीस वर्षांत तक्रार ही हक्कापर्यंत आली.

तरी सौंसर-पांढुर्ण्यासारख्या भागाला हे सर्व लागू होऊनही दूर का वाटते? माझ्या मते याचे उत्तर मोजमापात आहे. राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानके १९८२ मध्ये प्रथम आली, १९९४ मध्ये सुधारली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये पुन्हा बदलली. त्याप्रमाणे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची (पीएम १०) वार्षिक सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची (पीएम २.५) ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस अनुक्रमे १५ व ५ अशी आहे. भारताचे मानक देशभर सारखे आहे. त्यात शहर-खेडे असा भेद नाही. परंतु मानक पाळले गेले की नाही हे सांगायला यंत्र लागते आणि यंत्रे बहुतांशी मोठ्या शहरांत बसली. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. त्यातली शहरे मुख्यतः अशी निवडली की जेथील मोजमाप सलग पाच वर्षे मानकाच्या वर होते. मध्य प्रदेशातून भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, उज्जैन, देवास व सागर आली. महाराष्ट्राच्या यादीत नागपूर आहे. सौंसर-पांढुर्णा यांत नाही. आपण शिक्षक आहोत, आपल्याला हे चटकन उमगेल : जो विद्यार्थी परीक्षेलाच बसवला नाही, तो नापासांच्या यादीत दिसणार नाही. म्हणून त्याला विषय येतो असे ठरत नाही, आणि शिकवणीच्या वर्गातही त्याला कोणी बोलावत नाही.

सीमेचा प्रश्न याहून अवघड आहे. सौंसरहून नागपूरकडे जाताना सावनेरनंतर कोराडीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथला पहिला संच १९७४ चा. खापरखेड्याचे केंद्र शेजारीच. पांढुर्ण्याच्या वायव्येला बैतूल जिल्ह्यात सारणीचे सातपुडा केंद्र १९६७ पासून आहे. सौंसर तालुक्यातच बोरगावचे औद्योगिक क्षेत्र आहे, आणि ते नागपूर रस्त्यावर असणे हा योगायोग नव्हे. बाजारपेठ एका राज्यात आणि मागास भागाच्या सवलती दुसऱ्या राज्यात, असा हिशेब सीमेवर नेहमीच होतो. कोणत्या चिमणीचा किती अंश कोणत्या गावी उतरतो हे मोजल्याशिवाय बोलू नये. पण प्रशासनाची वाटणी मात्र स्वच्छ आहे. सौंसरच्या माणसाचे राज्य मंडळ भोपाळला आणि २०१० च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पीठही भोपाळला. सावनेरच्या माणसाचे मंडळ मुंबईला आणि पीठ पुण्याला. वारा मात्र एकच. १९८१ च्या कायद्याने याचा विचार केलाच नव्हता असे नाही. कलम १६ मध्ये केंद्रीय मंडळाच्या कामांत राज्य मंडळांच्या कार्यात समन्वय साधणे व त्यांच्यातील वाद सोडवणे हे स्पष्ट लिहिले आहे. सीमाभागाच्या दृष्टीने हे त्या कायद्यातले सर्वात मोलाचे आणि सर्वात कमी चर्चिले गेलेले वाक्य आहे.

अलीकडच्या वर्षांत कर्तव्याची भाषा पुन्हा खाली, स्थानिक पातळीवर येताना दिसते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा जाळू न देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर घातली. त्याच वर्षी २२ डिसेंबरला अलमित्रा पटेल प्रकरणात हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपयांची आकारणी ठरवली. २०१७ मध्ये मध्य प्रदेश सरकारने कलम १९ (५) चा आधार घेऊन गहू व धानाचे अवशेष शेतात जाळण्यास मनाई केली. जमिनीच्या प्रमाणात अडीच, पाच व पंधरा हजार रुपये भरपाई ठेवली. येथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. शेतकऱ्याला आकारणीचा आकडा ताबडतोब कळतो. मंडळाने किंवा नगरपालिकेने आपले काम न केल्यास त्याचा आकडा तितक्या सहज समोर येत नाही. रतलामच्या निर्णयाला चाळीसहून अधिक वर्षे झाली, तरी हे पारडे सरळ झालेले नाही.

दंडाचे कायदेही बदलले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कलम २७८ ची जागा कलम २८० ने घेतली आणि दंडाची मर्यादा पाचशेवरून एक हजार रुपये झाली. १८६० च्या पाचशे रुपयांत काय काय येत असे याचा विचार केला, तर ही वाढ आहे की घट, हे अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी वर्गात सोडवून दाखवावे. हवेच्या कायद्यातील बऱ्याच अपराधांसाठी असलेली कैद २०२३ च्या जन विश्वास कायद्याने काढून तेथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा आर्थिक दंड आणला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. हा दंड न्यायालयाऐवजी सचिव दर्जाचा निर्णय अधिकारी ठरवतो. कलम १३३ ची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झाली आहे. तिचा गाभा तोच राहिला : अर्ज, सशर्त हुकूम, सुनावणी.

नवा जिल्हा झाल्यामुळे येथे एक व्यवहाराचा फरक पडला आहे. हरित न्यायाधिकरणाच्या २०१९ च्या आदेशांनुसार प्रत्येक जिल्ह्याची पर्यावरण योजना तयार व्हायची आहे आणि तिच्यात हवेचे प्रकरण असते. छिंदवाडा एकसंध असताना त्या योजनेत परासियाच्या कोळसा पट्ट्याचा भार मोठा असणे स्वाभाविक होते. आता पांढुर्णा जिल्ह्याच्या योजनेत जिन, बोरगावचे कारखाने, रस्त्याची धूळ, जळणारा कचरा आणि सीमेपलीकडच्या चिमण्या यांनाच स्थान द्यावे लागेल. ती योजना जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात मागता येते, आणि कलम १५२ चा अर्जही त्याच इमारतीत द्यायचा आहे. त्यासाठी आता छिंदवाड्याची बस पकडावी लागत नाही.